क्लचप्लेट खात्यावर

आमच्या शेठनी स्वतःसाठी ऑटोमॅटिक कार घेतली आणि त्याची शिक्षा मला झाली.

नवी गाडी घेऊन ते कोल्हापूरहून पुण्याला गेले आणि परतले ते साक्षात्कार होऊनच. "दिवाणजी, डाव्या पायाला कामच नाही हो! हे ट्रकला असलं तर आपले ड्रायव्हर दमणारच नाहीत." ड्रायव्हर दमत नाहीत म्हणजे ढाब्यावर थांबत नाहीत, हा त्यातला व्यापारी अर्थ मी मनातल्या मनात जमेला धरला. शिरोलीच्या फाउंड्रीतला माल चाकणला पोचवायला नवा ट्रक घ्यायचाच होता. शेठ म्हणाले, "सगळ्या ड्रायव्हरांना विचारा, हाताचा गिअर पाहिजे का आटोमॅटिक. आणि मला एका ओळीत सांगा."

एका ओळीत! आमच्या ड्रायव्हरांना 'जेवलात का' विचारलं, तरी उत्तर हुबळीपासून सुरू होतं.

शिवाय मी या धंद्यात केस पांढरे केले असले, तरी मला ट्रक चालवता येत नाही. मला त्याचा फक्त खर्च लिहिता येतो. पण दिवाणजीला ट्रक कळत नाही हे ड्रायव्हरांना माहीत असतं आणि कळत नसलेल्या माणसाला समजावून सांगण्यासारखं सुख नाही.

पहिले बापू. सगळ्यांत जुने. "आटोमॅटिक? मग पगार बी त्यालाच द्या की." एवढं बोलून त्यांनी तंबाखू मळायला घेतली. मी वाट पाहिली. मग त्यांनी डबल क्लचच्या काळापासून सुरुवात केली. तेव्हा गिअर टाकायचा तर क्लच दाबून आधी न्यूट्रल, मग क्लच सोडून इंजिनचा आवाज ऐकायचा, आवाज जुळला की पुन्हा क्लच दाबून पुढचा गिअर. चुकला की गिअरची पेटी अशी करकरायची की शेजारच्या गाडीतला किन्नर, म्हणजे क्लीनरसुद्धा, हसायचा. "कानानं गाडी चालवायचो आमी. आता काय, पोरं कानात गाणी घालून चालवत्यात."

हा टोमणा शिवाला होता. शिवा आमच्यातला तरुण तुर्क. तो म्हणाला, "बापू, बाहेरच्या देशात व्होल्वोनं २००१ सालीच ट्रकला आपोआप गिअर टाकणारी पेटी दिली. आन् तुमी अजून कान लावून बसलाय."

"मग तिकडंच जा की गाडी चालवायला!"

एवढ्यावर पहिली बैठक संपली. माझ्या वहीत एक ओळ सोडाच, एक शब्दसुद्धा पडला नव्हता.

तेव्हा मी आमच्या मिस्त्रींना गाठलं. अस्लमभाई गाडीखाली होते, बाहेर फक्त पाय. उत्तर त्या पायांच्या दिशेनं आलं. "दिवाणजी, ह्यात भ्यायासारकं काय न्हाई. पेटी तीच, दातं तीच, क्लचप्लेट बी तीच. क्लचचं पायडल काढलंय, आन् बापूच्या हातापायाचं काम कॉम्प्युटर आन् हवेला दिलंय. ब्रेकला जशी टाकीतली हवा लागती, तशी गिअरला बी."

"म्हणजे क्लचप्लेट असतेच?"

"असती तर!"

इथे मी खचलो. आमच्या खतावणीत डिझेल आणि टायरच्या खालोखाल मोठं पान क्लचप्लेटचं आहे. बापूंचा डावा पाय कायम क्लचवर विसावलेला असतो, त्यामुळे प्लेट झिजते. शिवा चढाला हाफ क्लचवर गाडी तोलून धरतो, त्यामुळे ती जळते. हे पान कायमचं मिटेल म्हणून मी गुपचूप ऑटोमॅटिकच्या बाजूला झुकलो होतो. आता झुकायलाही जागा उरली नाही.

पुढे वसुलीसाठी पुण्याला गेलो होतो. परतताना बापू म्हणाले, "चला माझ्यासंगं. गिअर म्हंजे काय ते दावतो." गाडीत नऊ गिअर, त्यातला एक क्रॉलर, मुंगीच्या चालीचा. खंबाटकीचा घाट लागला. पुण्याकडे जाणारी वाहनं बोगद्यातून निघतात, साताऱ्याकडे जाणाऱ्यांना मात्र तेव्हा घाट चढावाच लागायचा. सुट्टीचा दिवस, वर कुठेतरी एक ट्रेलर बंद पडलेला. झालं! घाट म्हणजे नुसती वाहनांची माळ.

दोन हात पुढे जायचं, थांबायचं. क्लच, गिअर, ब्रेक. पुन्हा क्लच. दर वेळी थांबलं की आमचा किन्नर खाली उडी मारून मागच्या चाकाला लाकडी उटी लावायचा, निघताना ती उचलून धावत गाडी गाठायचा. मला आठवलं म्हणून मी म्हटलं, "बापू, नव्या गाडीत ब्रेकवरचा पाय काढला तरी चढाला गाडी क्षणभर धरून ठेवतात म्हणे."

"माझी बी मागं जात न्हाई. ह्यो हाय की," म्हणून त्यांनी आरशातल्या किन्नराकडे बोट दाखवलं. किन्नर धापा टाकत होता. त्याचं मत कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही.

घाटमाथा येईपर्यंत हाताच्या गिअरचे फायदे ऐकले. रस्त्यात बिघडला तर कोणताही मिस्त्री खोलतो, लॅपटॉपवाल्याची वाट बघावी लागत नाही. चढ समोर दिसला की आधीच गिअर पाडता येतो. कॉम्प्युटरला चढ लागल्यावर कळतो. हे सगळं पटण्यासारखं होतं, फक्त बोलता बोलता बापू डाव्या गुडघ्याला बाम चोळत होते.

रात्री साताऱ्याच्या पुढे ढाब्यावर शिवाही भेटला, आणि एक टँकरवाले सरदारजी. विषय मीच काढला, याचा पश्चात्ताप पिठलं येईपर्यंत झाला. सरदारजींचा मेहुणा कॅलिफोर्नियात ट्रक चालवतो. तिकडे ऑटोमॅटिक ट्रकवर परीक्षा दिली, तर हातगिअरचा ट्रक धंद्यासाठी चालवता येत नाही, लायसनवर तसा शेराच मारतात. "ऐकलं का?" बापू गरजले. "शेरा मारत्यात! म्हंजे अर्धा ड्रायव्हर!" शिवा म्हणाला, "अर्धा ड्रायव्हर, पन गुडघं पुरं."

मग उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवण्यावर खणाखणी. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर या काटकसरीनं कसे अपघात होतात ते पुणेकरांना विचारावं. शिवाचं म्हणणं खरं होतं: आताच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलेटर सोडला की डिझेल बंदच होतं, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते लागतं. बापू बराच वेळ कांदा फोडत राहिले. मग हळूच म्हणाले, "दिवाणजी, गिअरचं काय न्हाई ओ. पन नव्या गाड्या चुगल्या करत्यात. कुटं न्यूट्रल केली, कुटं कचकन ब्रेक दाबला, सगळं शेठच्या मोबाईलवर."

इतक्या दिवसांत हे पहिलं खरं वाक्य होतं. हातगिअरच्या नव्या गाडीतही ही चुगली येते, हे मी सांगितलं नाही. त्यांचा कांदा गोड लागत होता.

शेठना मी एका ओळीत लिहून दिलं: 'ड्रायव्हरांचा विरोध आहे, कोणाचीही हरकत नाही.' त्यांनी ते न वाचताच ऑटोमॅटिक घेतली.

गाडी आली, नारळ फुटला आणि किल्ली कोणाकडे यावर भांडण लागलं. शिवा पुढे आला, तर बापू आडवे. "नवी गाडी म्होरक्यालाच. रीत हाय." दांडीला हातानं गिअर बदलायची सोय असते, तिच्यावरच ते चालवतात म्हणे. ॲव्हरेज वाढलं. शेठ म्हणतात कॉम्प्युटरमुळे, बापू म्हणतात हातामुळे. किन्नर काही म्हणत नाही, पण आताशा जाड झालाय.

परवा बापूंनी बिल आणून दिलं. ड्रायव्हरच्या पायाखालचं रबरी मॅट, डाव्या बाजूला भोक पडलेलं. तिथे पायडल नाही, पण घाट आला की पाय आपटतोच म्हणे. खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा, याचा मी फार विचार केला नाही. क्लचप्लेटचं पान उघडंच होतं.