मिनिमम बॅलन्सचा तो फॉरवर्ड पुढे पाठवण्याआधी

तीन लाल सायरन, चार उद्गारचिन्हं आणि ‘रिझर्व्ह बँकेचा ऐतिहासिक निर्णय’ अशी सुरुवात. हा मेसेज तुमच्याकडेही आला असेलच. माझ्याकडे आला तेव्हा वाचून सोडून दिला होता. पण तो चिपळूणच्या मावशीकडे पोचला आणि तिने तो अमलात आणायला घेतला, तेव्हा गप्प बसणं शक्य राहिलं नाही. मावशी डबे करून देते. फ्रिज हप्त्यावर घेतलाय, दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून हप्ता आपोआप कापला जातो. मेसेज वाचून तिने खात्यातले सगळे पैसे काढून डब्यात ठेवले. विचारलं तर म्हणाली, “अरे, रिझर्व्ह बँकेनेच सांगितलंय, खातं रिकामं ठेवा म्हणून.”

मेसेजमध्ये सहा मुद्दे आहेत, थोडक्यात असे. एक, मिनिमम बॅलन्सचा दंड देशातल्या सगळ्या बँका आणि पतसंस्थांमध्ये कायमचा बंद झाला. दोन, खातं मायनसमध्ये गेलं तर एक रुपयाही भरू नका, बँकेला ते शून्य करून द्यावंच लागतं. तीन, हप्ता बाऊन्स झाल्याचा चार्ज बेकायदा आहे, त्यामुळे खातं रिकामं ठेवा आणि बँकेला धडा शिकवा. चार, आजवर कापलेले पैसे परत मिळणार, उशीर झाला तर रोज १०० रुपये भरपाई. पाच, अमेरिकेतही ओव्हरड्राफ्ट फी (खात्यात नसलेले पैसे बँकेने वापरू दिल्याची फी) बंद झाली. सहा, थेट रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार करा, २४ तासांत पैसे खात्यात.

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण बाकीचे मुद्दे नुसते चुकीचे असतील, हा माणसाला खड्ड्यात घालणारा आहे.

हप्ता बाऊन्स झाल्यावर चार्ज लावू नये असा रिझर्व्ह बँकेचा कुठलाही नियम नाही. प्रत्येक बँकेच्या दरपत्रकात हा चार्ज असतो, आणि तो साधारण अडीचशे ते पाचशे रुपयांच्या घरात जातो. वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ५०० चा चार्ज पासबुकात ५९० होऊन उमटतो. हे झालं फक्त तुमच्या बँकेचं. ज्या फायनान्स कंपनीचा हप्ता चुकला तीही करारानुसार आपला बाऊन्स चार्ज लावते, उशिराचा दंड वेगळा. आणि पैसे मिळाले नाहीत म्हणून कंपनी काही दिवसांनी पुन्हा हप्ता ओढायचा प्रयत्न करते. खातं अजूनही रिकामंच असलं, तर पुन्हा ५९०. दीड हजाराच्या हप्त्यासाठी एका महिन्यात तेवढीच रक्कम निव्वळ चार्जेसमध्ये गेलेली पासबुकं मी पाहिली आहेत. यात बँकेला धडा कसा मिळतो, हे मेसेज लिहिणाऱ्यालाच ठाऊक. बँकेच्या तर उत्पन्नात भर पडते.

हे झालं पैशांचं. थकलेल्या हप्त्याची नोंद सिबिलसारख्या पतमाहिती संस्थांकडे जाते, आणि जानेवारी २०२५ पासून बँका नि फायनान्स कंपन्यांना ही माहिती निदान दर पंधरा दिवसांनी पाठवावी लागते. पूर्वी महिनाअखेरपर्यंत सावरून घ्यायला जरा तरी फुरसत मिळायची. आता पुढच्या वर्षी मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलात, की फ्रिजचा चुकलेला हप्ता समोर येतो.

आणि मेसेजमध्ये ज्याचा चकार शब्द नाही ते सर्वांत गंभीर. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स कायदा, २००७ याचं कलम २५. खात्यात पुरेसे पैसे नाहीत म्हणून आपोआप जाणारा हप्ता परत गेला, तर तो चेक बाऊन्ससारखाच गुन्हा ठरू शकतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याआधी नोटीस येते, पैसे भरायला मुदत मिळते, आणि फ्रिजच्या एका हप्त्यासाठी कोणी लगेच कोर्टात धावत नाही, हे सगळं खरं. पण ‘खातं मुद्दाम रिकामं ठेवा’ असा सल्ला हजारो लोकांना वाटताना हे कलम सांगायला नको? मावशीला ते वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “मला वाटलं, सगळेच करतायत.” चार तारखेला पैसे पुन्हा खात्यात गेले.

एवढ्यात हा गोंधळ आला कुठून तेही सांगतो. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ ला कर्जाच्या दंडाबद्दल एक परिपत्रक काढलं होतं. हप्ता थकला म्हणून व्याजदरच वाढवून ‘दंडव्याज’ लावायला त्यात मनाई आहे. दंड वेगळा, वाजवी चार्ज म्हणून घ्यायचा आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवायचं नाही. चांगला नियम आहे. पण ‘दंडव्याज बंद’ याचं ‘बाऊन्स चार्ज बेकायदा’ करायला फॉरवर्डवाल्यांना फार कष्ट पडत नाहीत.

आता पहिला मुद्दा. दंड सगळीकडे बंद झालेला नाही. काही सरकारी बँकांनी आपापल्या निर्णयाने साध्या बचत खात्यांवरचा दंड काढला आहे, आणि फॉरवर्डचं मूळ बहुधा तिथेच असावं. स्टेट बँकेने तो मार्च २०२० मध्येच रद्द केला. कॅनरा बँकेने जून २०२५ पासून, पंजाब नॅशनल बँक आणि बँक ऑफ बडोदा यांनी जुलै २०२५ पासून. पण खासगी बँकांचं काय? आयसीआयसीआय बँकेने ऑगस्ट २०२५ मध्ये महानगरांतल्या आणि शहरांतल्या नव्या खात्यांसाठी किमान सरासरी शिल्लक १० हजारांवरून थेट ५० हजार केली. ओरड झाली, तेव्हा ती १५ हजारांवर आणली. त्याच गदारोळात गव्हर्नर संजय मल्होत्रा यांना गुजरातमधल्या एका कार्यक्रमात याबद्दल विचारलं गेलं. किती शिल्लक ठेवायला लावायची हे ज्या त्या बँकेने ठरवायचं, हा विषय रिझर्व्ह बँकेच्या नियमनात येत नाही, असं त्यांनी सांगितलं. ज्यांच्या नावाने ‘ऐतिहासिक निर्णय’ फिरतोय, त्यांचंच हे म्हणणं.

पतसंस्थांचा तर इथे संबंधच नाही. त्या सहकार कायद्याखाली नोंदलेल्या असतात, त्यांच्याबद्दलची तक्रार सहकार खात्याकडे, म्हणजे तालुक्याच्या उपनिबंधक किंवा सहायक निबंधक कार्यालयात जाते. रिझर्व्ह बँक त्यांना चार्जेसबद्दल काही सांगत नाही. आपल्याकडे गावोगाव लोकांची खाती बँकेत कमी नि पतसंस्थेत जास्त असतात, म्हणून हे वेगळं लिहिलं.

दुसरा मुद्दा. इथे नाइलाजाने मान्य करावं लागतं की यात निम्मं खरं आहे. आणि ते निम्मं इतकं महत्त्वाचं आहे की फॉरवर्डने त्याची माती केली याचाच राग जास्त येतो.

२० नोव्हेंबर २०१४ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक, १ एप्रिल २०१५ पासून लागू. बचत खात्यात किमान शिल्लक न ठेवल्याच्या दंडाबद्दल. बँकेत भांडायला जायचं असेल, तर खिशात हेच हवं. शिल्लक कमी झाली की बँकेने ग्राहकाला मेसेज, ईमेल किंवा पत्राने स्पष्ट कळवलं पाहिजे, की एका महिन्याच्या आत ती पूर्ववत केली नाही तर दंड लागेल. दंड सरसकट लावता येत नाही. जेवढी रक्कम कमी पडली तिच्या ठरावीक टक्क्यांत तो असला पाहिजे, आणि सेवा द्यायला बँकेला येणाऱ्या सरासरी खर्चाशी सुसंगत. आणि निव्वळ या दंडामुळे खात्यातली शिल्लक उणे होता कामा नये.

म्हणजे मिनिमम बॅलन्सचा दंड कापून कापून बँकेने तुमचं खातं उणे ८०० वर नेलं असेल, तर ते नियमाविरुद्ध आहे आणि ती रक्कम भरायला तुम्ही नकार देऊ शकता. इथवर फॉरवर्ड बरोबर. पुढे मात्र त्याला धीर नाही. वाक्यातला ‘निव्वळ या दंडामुळे’ हा भाग नीट वाचा. डेबिट कार्डाची वार्षिक फी, एसएमएसचे पैसे, बाऊन्स चार्ज, यांच्यामुळे खातं उणे झालं तर या वाक्याचा आधार मिळत नाही. काउंटरवर तुम्ही तावातावाने बोलायला लागलात की समोरचा अधिकारी शांतपणे पासबुकातली ‘ईसीएस रिटर्न’ची, म्हणजे हप्ता बाऊन्स झाल्याची नोंद दाखवतो, आणि तुमची हवाच निघून जाते. मग त्याच पासबुकात आधीच्या चार महिन्यांत सूचनेशिवाय कापलेला दंड असतो, त्याबद्दल कोणी बोलतच नाही. खरी तक्रार खोट्या तक्रारीच्या ओझ्याखाली मेली. अधिकाऱ्याने “व्हॉट्सॲपवर वाचून येता तुम्ही लोक” असं म्हटलं, तर तोही त्या दिवशी बरोबरच ठरतो.

आणखी दोन गोष्टी त्या मेसेजमध्ये असायला हव्या होत्या. दोन वर्षं ग्राहकाने व्यवहार न केल्यामुळे निष्क्रिय ठरलेल्या खात्यावर मिनिमम बॅलन्सचा दंड लावता येत नाही. आणि ज्यांना शिल्लक ठेवणं जमतच नाही त्यांनी आपलं खातं मूलभूत बचत खात्यात बदलून मागावं. जनधन खातं त्याच जातीचं. त्यात किमान शिल्लक नसते, दंडाचा प्रश्नच येत नाही. मात्र त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. शाखेत हे आपणहून सांगणारे कमीच, विचारावं लागतं.

बँकांची बाजू घेतोय असं वाटत असेल तर एक आकडा देतो. स्टेट बँकेने एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत या दंडातून १,७७१ कोटी रुपये गोळा केले होते. त्या वर्षीच्या जुलै-सप्टेंबर तिमाहीतल्या तिच्या निव्वळ नफ्यापेक्षा ही रक्कम मोठी. ज्याच्याकडे हजार रुपये नाहीत त्याच्याकडून ते नसल्याबद्दल पैसे घेणं ही मुळातच लाजिरवाणी गोष्ट आहे. पुढच्या एप्रिलमध्ये दंड बराच कमी झाला, तो लोकांनी आरडाओरडा केला म्हणून. तेव्हा ओरडा करायला माझी ना नाही.

चौथा मुद्दा पटकन. रोज १०० रुपयांचा नियम आहे, पण तो वेगळ्याच गोष्टीचा. एटीएममधून पैसे आले नाहीत आणि खात्यातून मात्र वजा झाले, तर पाच दिवसांत ते परत जमा झाले पाहिजेत. नाहीतर त्यानंतर दर दिवसाला १०० रुपये. सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक. दंडाच्या परताव्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. मेसेजच्या शेवटी ‘रिफंडसाठी इथे क्लिक करा’ अशी लिंकही काही ठिकाणी जोडलेली दिसते. ती उघडू नका. उघडून पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेलाही कळवा.

अमेरिकेचं सांगायचं तर, तिथल्या ग्राहक संरक्षण संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये मोठ्या बँकांची ओव्हरड्राफ्ट फी पाच डॉलरवर आणायचा नियम केला होता. तो लागू व्हायच्या आधीच तिथल्या संसदेने रद्द केला, आणि मे २०२५ मध्ये अध्यक्षांनी त्यावर सही केली. फी बंद झाली नाहीच. शिवाय तिथे खात्यात पैसे नसतानाही बँक व्यवहार होऊ देते आणि मग फी लावते. आपल्या साध्या बचत खात्यात पैसे नसले की व्यवहारच नाकारला जातो. तिथलं उदाहरण इथे चिकटवून काय मिळवलं कोण जाणे.

राहिला लोकपाल. तिथे थेट जाता येत नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार, मग ३० दिवस वाट. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर. फी लागत नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा टोल फ्री क्रमांक आहे. २४ तासांत मात्र काही होत नाही. शाखेतला अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या, कारण ते ३० दिवस कधी सुरू झाले हे तुम्हालाच दाखवावं लागतं. अर्जात फॉरवर्डमधलं एकही वाक्य उतरवू नका. २०१४ च्या परिपत्रकाचा उल्लेख करून एवढंच विचारा: दंडाच्या महिनाभर आधीची सूचना कोणत्या तारखेला आणि कोणत्या नंबरवर पाठवली, शिल्लक किती कमी पडली आणि दंड तिच्या किती टक्के, खातं उणे गेलं ते कोणत्या नोंदीमुळे. उत्तर लेखी मागा.