भगवा की नारिंगी, याच्या पुढचा प्रश्न

एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभेचं मतदान तोंडावर असताना, डीडी न्यूजचा लाल लोगो भगवा झाला आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खडाजंगी उडाली. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचे माजी सीईओ जवाहर सरकार यांनी उघड टीका केली. रंग नारिंगी आहे, पडद्यावर उठून दिसावा म्हणून निवडला, असं प्रसार भारतीचं म्हणणं. अमेरिकेत बसून हे वाचताना मला इथल्या पीबीएस या सार्वजनिक वाहिनीचे लोगो आठवत राहिले.

पीबीएस स्वतः कार्यक्रम फारसे बनवत नाही. बॉस्टन, न्यूयॉर्कची केंद्रं ते करतात. पीबीएस ते देशभरच्या तीनशेहून अधिक केंद्रांना पुरवते आणि शेवटी आपली खूण झळकवते. १९७१ ची खूण ग्राफिक डिझायनर हर्ब लुबालिन यांच्या स्टुडिओतली: निळा पी, नारिंगी बी, हिरवा एस, सोबत ‘मूग’ नावाच्या इलेक्ट्रॉनिक सिंथेसायझरची धून. त्यातला ‘पी’ म्हणजे डावीकडे पाहणारा माणसाचा चेहरा. १९८४ मध्ये चेर्मायेफ अँड गाइस्मार या संस्थेने तो चेहरा उजवीकडे वळवला आणि मागे तसेच आणखी चेहरे उभे केले. एका प्रेक्षकाचा समाज झाला. सार्वजनिक वाहिनी कुणाची, हे इतक्या कमी रेषांत सांगणारी दुसरी खूण मला माहीत नाही. पुढे तो चेहरा वर्तुळात बसला, आणि २०१९ मध्ये लिपिनकॉट या संस्थेने त्याला गडद, झगझगीत निळा दिला.

निळा इथे डेमोक्रॅट पक्षाचा मानला जातो. तरी रंगावरून गदारोळ झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही. १९६७ च्या कायद्याने सार्वजनिक प्रसारणात सरकारी हस्तक्षेपाला मनाई केलेली आहे, हे मला त्यामागचं कारण वाटतं. रोष निघाला तो पैशावर. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, सार्वजनिक प्रसारणाचा १.१ अब्ज डॉलरचा मंजूर निधी रद्द केला आणि ऑगस्टमध्ये तो वाटणाऱ्या महामंडळाने गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं.

कायद्याचा असा भरवसा नसला की रंगावरही शंका येते, म्हणून ‘रंगात काय आहे?’ असं म्हणणाऱ्या नातेवाइकांशी मी सहमत नाही. दूरदर्शनचा डोळा एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या देवाशिष भट्टाचार्य यांनी विद्यार्थिदशेत काढला, धून पंडित रविशंकरांची. ते दोन्ही साऱ्या देशाचं आहे. ऐन निवडणुकीत त्याला हात लावला तर शंका येणारच. पण उद्या लाल परत आला म्हणून बातमीपत्र स्वतंत्र होणार नाही. प्रसार भारती कायदा १९९० चा, अंमल १९९७ पासून, आणि आजही संस्था सरकारी अनुदानावर उभी आहे. अध्यक्ष आणि सीईओंची शिफारस करणाऱ्या समितीत राज्यसभेचे सभापती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नेमलेली एक व्यक्ती असते. विरोधी पक्षनेत्याला तिथे जागा नाही. भांडायचं तर त्या जागेसाठी भांडायला हवं.

पीबीएसची केंद्रं प्रेक्षकांच्या वर्गणीवरही चालतात. त्यावर ग्रुपवर मामांचा प्रश्न रास्त होता: भारतात वर्गणी देऊन वाहिनी कोण चालवणार? अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतली केंद्रंही नुसत्या वर्गणीवर तगत नाहीत, म्हणूनच निधी गेल्याचा फटका त्यांना सर्वांत जास्त बसला. सरकारी पैसा लागणारच. मात्र तो दरवर्षी हात पसरून न मागता पाच वर्षांसाठी कायद्याने ठरवून मिळावा, आणि मध्येच काढून घेता येऊ नये.