गोजिरं म्हणे!

यापुढे कुणी मला हरणाच्या पाडसाचा फोटो पाठवला तर सरळ ब्लॉक करणार आहे. सांगून ठेवते.

न्यू जर्सीत घर घेतलं. शेजाऱ्यांची खिडकी थेट आमच्या स्वयंपाकघरात उघडते, म्हणून हद्दीवर आडोशाला नऊ आर्बरव्हायटी लावल्या. आपल्या मोरपंखीची चुलत बहीण. नर्सरीवाला छातीठोकपणे म्हणाला, हरणं तोंड लावत नाहीत. पहिल्याच हिवाळ्यात खालचे साडेचार फूट साफ! वर हिरवा शेंडा, खाली नुसत्या काटक्या. आणि हे झाड जुन्या लाकडातून सहसा परत फुटतही नाही. सशाने खाल्लेली फांदी निदान सुरीने तिरकी कापल्यासारखी असते. हरणाला वरचे पुढचे दातच नाहीत, त्यामुळे ते ओरबाडतं आणि टोकाला सालीची लक्तरं लोंबत ठेवतं. इथल्या रटगर्स विद्यापीठाने हरणांच्या खाण्यावरून झाडांची यादी केलीय. चार श्रेणी. त्यातली सगळ्यात चांगली श्रेणी कुठली, तर 'क्वचित नुकसान'. 'कधीच नाही' अशी श्रेणीच नाही!

हरीण सात-आठ फूट सहज उडी मारतं, म्हणजे कुंपण आठ फुटी हवं. आमच्या वसाहतीच्या नियमात पक्कं कुंपण चार फुटांच्या वर चालत नाही. म्हणून 'तात्पुरतं'. तात्पुरतं म्हणजे काय, तर दर नोव्हेंबरात उभं करायचं, वसंतात उतरवायचं. यंदाचं सहावं वर्ष! लोखंडी खांब ठोका, काळी जाळी ताणा, झिप टाय म्हणजे बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या ओवा. हातमोजे घालून झिप टाय ओवता येत नाही, काढले की बोटं बधिर. मग एक रात्र ओला बर्फ पडतो, जाळीची झोळी होऊन झाडाला चिकटते आणि ही मंडळी बाहेर उभं राहून जाळीतूनच पाला ओढतात. सडक्या अंड्यांचा स्प्रे मारला, तो पावसाने धुऊन गेला. माझ्या कोटाचा वास मात्र गेला नाही. ऑफिसात कुणीतरी गुपचूप खिडकी उघडली.

वर सासूबाई खिडकीतून, "अगं बाई, किती गोजिरं! खाऊ दे गं, मुकं जनावर आहे." आई, तुम्ही बोलताय हे? रत्नागिरीच्या घरी कौलांवर वानर आले की पत्र्याचा डबा बडवत, शिव्या घालत आगरात धावणारं कोण होतं? नारळ तुमचे, म्हणून वानर मेले. झाडं माझी, म्हणून हरीण गोजिरं!

आणि आज वसाहतीचं पत्र आलंय. जाळी रस्त्यावरून दिसते, परिसराची शोभा जाते, मंगळवारपर्यंत काढा. रात्रभर माझ्या अंगणात लेंड्या टाकत फिरणारी सात हरणं शोभेची, आणि जाळी खुपते! मार्चचा पहिला आठवडा आहे. जमीन दगड झालीय, खांब तसूभर हलत नाहीत. मी दोन्ही हातांनी, पाय रोवून ओढून बघितलं. या म्हणावं मंगळवारी, आणि काढा तुम्हीच.