दोन तासांची खुर्ची

‘आफ्टरनून टी’चे, म्हणजे सँडविच-केकसकट निवांत बसून घ्यायच्या इंग्रजी दुपारच्या चहाचे फोटो मी टाकले. ते पाहून निम्म्या लोकांनी विचारलं, "चहाचे एवढे पैसे दिलेस?" उरलेल्या निम्म्यांच्या मनात तेच होतं, फक्त ते बोलले नाहीत. तर हो, दिले. लंडनच्या एका बड्या हॉटेलात माणशी ७० पौंडांच्या वर, शिवाय १२.५ टक्के सर्व्हिस चार्ज. मी आणि माझी आत्या, दोघीच. पैशांची मला काडीचीही हळहळ नाही. तक्रार एक आहे, पण ती सांगायला जरा लांबून यावं लागेल. हॉटेलचं नाव लिहीत नाही, कारण ही रीत आता बहुतेक सगळीकडे पडली आहे आणि आम्हाला वाढणाऱ्या मुलाने त्याच्या परीने काही कमी केलं नाही.

आत्या महिनाभर माझ्याकडे राहायला आली होती. वय ७१. तिला राजवाडा दाखवला, संग्रहालयं दाखवली, सगळीकडे ती "छान आहे" म्हणाली आणि पाय दाबत बसली. मग म्हटलं, बसायच्याच ठिकाणी नेऊ या. दुपारी साडेतीनची वेळ घेतली होती. मऊ खुर्च्या, कोपऱ्यात पियानो, टेबलावर पांढरंशुभ्र कापड. आत्याने मेनू उलटसुलट करून बघितला आणि हळूच विचारलं, "अगं, पण हे नक्की काय आहे? जेवण की नाश्ता?"

याहून नेमका प्रश्न असूच शकत नाही. कारण हे दोन्ही नाही. दोन जेवणांच्या मधल्या भगदाडात ठेवलेली ही गोष्ट आहे. १८४० च्या सुमाराला इंग्लंडच्या बड्या घरांतलं रात्रीचं जेवण सरकत सरकत आठाच्या आसपास गेलं होतं आणि दुपारचं खाणं अगदी हलकं झालं होतं. बेडफर्डची सातवी डचेस (म्हणजे बड्या सरदाराची बायको), ॲना मारिया, हिच्या पोटात चार-पाचच्या सुमाराला कावळे ओरडायला लागायचे म्हणे. मग ती आपल्या खोलीतच चहा आणि पाव-लोणी मागवू लागली आणि पुढे मैत्रिणींनाही बोलावू लागली. ती काही वर्षं व्हिक्टोरिया राणीच्या खास परिवारात होती, त्यामुळे तिची सवय चारचौघींत पसरायला वेळ लागला नसणार. दुपारी चहा पिणारी ती पहिलीच, असं काही नाही. आधीही लोक पीत होते. पण मला ही गोष्ट आवडते, कारण तिच्या मुळाशी साधी भूक आहे. एवढी मोठी डचेस, आणि जेवायला अजून तीन तास आहेत म्हणून गपचूप पाव खातेय.

इथे एक खुसपट काढतेच. याला ऐटीत ‘हाय टी’ म्हणू नका. हाय टी म्हणजे कामगारांचं संध्याकाळचं जेवण. दिवसभर राबून घरी आल्यावर उंच जेवणाच्या टेबलाशी बसून मांस, पाव, चीज आणि सोबत कडक चहा. बड्या घरच्या बायका दिवाणखान्यातल्या बुटक्या टेबलांवर चहा घेत, म्हणून त्यांच्या चहाला ‘लो टी’ असंही म्हणायचे. म्हणजे उंच तो गरिबाचा, बुटका तो श्रीमंताचा. शब्दाला भुलून माणसं नेमकी उलटी ऐट करतात.

आमचा तीन मजली स्टँड आला. खालच्या बशीत सँडविचं, वर केक-पेस्ट्री, मधल्या बशीवर रुमालात गुंडाळलेले स्कोन, म्हणजे पाव आणि केकच्या मधले छोटे फुगीर गोळे. खालून वर चढत जायचं. सँडविचं बोटाएवढी, कडा कापलेली. आत्याने काकडीचं उचललं आणि म्हणाली, "यात काय आहे?" तसं म्हटलं तर काहीच नाही, काकडी म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. एकेकाळी हेच तिचं वैशिष्ट्य होतं. जिला दिवसभर अंगमेहनत नाही तिलाच असलं खाणं परवडायचं. पण ते नीट करणं सोपं नसतं. काकडीला मीठ लावून पाणी काढून टाकावं लागतं आणि पावाला कडेपर्यंत लोणी लावावं लागतं, नाहीतर दहा मिनिटांत पाव ओला गिच्च. आमचा शेवटपर्यंत कोरडा होता. आणि सँडविचं संपली की बहुतेक बड्या हॉटेलांत पुन्हा आणून देतात, वेगळे पैसे न लावता. संकोचामुळे लोक मागत नाहीत. आत्याने दोनदा मागितली. मला आधी लाज वाटली, मग मीही एक घेतलं. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा. आयत्या वेळी सांगितलं की सॅमन माशाच्या जागी काहीतरी कोंबून देतात, आणि वरच्या बशीतल्या मूस या फेसाळ गोड पदार्थात जिलेटिन (ते जनावरांपासून काढतात) आहे का हे वेटरला आत जाऊन विचारून यावं लागतं.

आत्या पक्की शाकाहारी. तिने कप उजेडात धरून बघितला, पलीकडची बोटं दिसत होती. "किती नाजूक गं!" तो बोन चायना होता. त्यात खरोखरच जनावरांच्या हाडांची राख असते, जवळजवळ निम्मी, आणि त्या राखेमुळेच तो इतका पातळ आणि अर्धपारदर्शक होतो. हे मी तिला दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्या क्षणी सांगितलं असतं तर माझे ७० पौंड तिथेच बुडाले असते.

आता स्कोन. माझ्या मते या सगळ्या थाटातली एकमेव गोष्ट, जिच्यासाठी पुन्हा जावं. गरम, बाहेरून किंचित खरखरीत, मधोमध हाताने उघडले की आपसूक दोन भाग. सुरी लावायची नाही. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने १८४३ मध्ये बायकोला यीस्ट सोसत नव्हतं म्हणून बेकिंग पावडर तयार केली, आणि पुढे स्कोन झटपट फुगायला लागले. त्यांच्यासोबत येतं ते क्लॉटेड क्रीम. म्हणजे आपली सायच, पण तास न् तास मंद तापवून, मग निवू देऊन काढलेली, लोण्याच्या वाटेवर निघालेली. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलचं क्रीम त्या नावाने विकायचं तर त्यात किमान ५५ टक्के स्निग्धांश लागतो. म्हणून पियानोच्या सुरांत वजनाचा विचार करू नये.

आधी क्रीम की आधी जॅम, यावरून या देशात घरं फुटतात. कॉर्नवॉलच्या शेजारचे डेव्हनवाले आधी क्रीम लावतात, कॉर्नवॉलवाले आधी जॅम. २०१८ मध्ये कॉर्नवॉलमधल्या लॅनहायड्रॉक या जुन्या वाड्याच्या जाहिरातीत चुकून क्रीम खाली आणि जॅम वर दिसलं. लोक इतके खवळले की चक्क माफी मागावी लागली. उच्चारावरूनही भांडण आहेच, कोणी ‘स्कोन’ म्हणतं, कोणी ‘स्कॉन’. आमचा वेटर स्कॉनवाला होता. आत्याने दोन्ही पद्धतींनी लावून बघितलं आणि निकाल दिला, "जॅम आधी. वर क्रीम दिसलं पाहिजे, नाहीतर घातलंय हे कळणार कसं?"

चहाच्या यादीशी मी जास्त रेंगाळले. वीस-बावीस नावं. दार्जिलिंगच्या पहिल्या बहराचा (म्हणजे वर्षातल्या पहिल्या खुडणीचा) वेगळा, दुसऱ्या बहराचा वेगळा, मळा समुद्रसपाटीपासून किती उंच तेसुद्धा छापलेलं. आसामच्या चहाच्या पहिल्या ८ पेट्या लंडनमध्ये लिलावाला आल्या त्या जानेवारी १८३९ मध्ये, म्हणजे साधारण डचेसबाईंना भूक लागायला लागली त्याच सुमाराला. त्याआधीचा चहा चीनचा, आणि १७८४ पर्यंत ब्रिटनमध्ये त्यावरचा कर ११९ टक्के. त्या वर्षी तो एका फटक्यात १२.५ टक्क्यांवर आणला. (माझ्या सर्व्हिस चार्जएवढाच! बिल आल्यावर हे आठवून उगाच हसू आलं.) चहा महाग होता तेव्हा त्याची पेटी कुलपात असायची आणि किल्ली घरच्या बाईच्या कमरेला. त्या पेटीला ‘कॅडी’ म्हणतात, मूळ शब्द ‘काटी’, मलय भाषेतलं वजनाचं माप. यादीत उंची होती, बहर होता, सुगंधाचं वर्णन तर कवितेच्या अंगाने गेलेलं. पानं खुडणाऱ्या बाईला दिवसाला काय मिळतं, तेवढं मात्र नव्हतं. आत्याने चष्मा लावून सगळी यादी वाचली आणि म्हणाली, "साधा आसाम सांग. दूध वेगळं."

चहा उत्तम होता, पहिला कप. पानं किटलीतच राहिली होती, त्यामुळे दुसरा कडूजहर निघाला. चहा कसा करावा यावर आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा आहे, आयएसओ ३१०३. १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पानं, सहा मिनिटं. अर्थात ते प्रयोगशाळेत चवीची तुलना करण्यासाठी आहे, आनंदासाठी नाही. सहा मिनिटांचा चहा आनंदासाठी कोणी प्यायल्याचं मला माहीत नाही. आम्ही सांगितल्यावर वेटरने कुरकुर न करता नवी किटली आणली. तुम्हीही बिनधास्त सांगा, कडू चहा गिळत बसू नका.

आणि आता ती तक्रार.

एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये भल्या घरची बाई एकटीने बाहेर खायला बसली की भुवया उंचावायच्या. १८६४ मध्ये एरेटेड ब्रेड कंपनीने शहरात चहाचं दुकान काढलं, १८९४ मध्ये लायन्स कंपनीने पिकॅडिली रस्त्यावर २१३ नंबरला आपलं पहिलं उघडलं, आणि खरेदीला किंवा नोकरीला बाहेर पडलेल्या बाईला हक्काची खुर्ची मिळाली. चहा मागवायचा आणि बसायचं. पुढे मताधिकारासाठी लढणाऱ्या बायका लंडनच्या टीरूम्समध्ये बैठका घ्यायच्या. मला विचाराल तर डचेसच्या खोलीपासून या दुकानांपर्यंत चहा हे निमित्त होतं. बायकांना कोणी न उठवता बसता यावं, याची ती सोय होती.

आत्याने ३४ वर्षं नोकरी केली. त्या दुपारी तिसऱ्या कपाला ती अचानक बोलायला लागली. १९७९ साली तिला बढतीवर बदली मिळत होती आणि तिने ती नाकारली, एवढं आम्हा सगळ्यांना माहीत आहे. का नाकारली ते घरात कधी कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "तुझ्या आजोबांनी त्या दिवशी मला गच्चीवर बोलावलं..." आणि टेबलावर बिलाची चामड्याची वही आली. न मागता. मुलगा अतिशय गोड हसून म्हणाला, घाई नाही, पण साडेपाचला हे टेबल लागणार आहे.

साडेतीनला बसलो होतो. दोन तास, बुकिंग करताना बारीक अक्षरांत लिहिलेलंही होतं, चूक माझीच. लंडनच्या रिट्झ हॉटेलसारख्या ठिकाणी तर दिवसाला पाच पंगती उठतात, पहिली सकाळी साडेअकराला. साडेअकराला दुपारचा चहा! गिऱ्हाईक रांगेत आहे तर हॉटेलांनी तरी काय करावं, हे कळतं मला. पण काकडी मला घरी चिरता येते, स्कोनही जमतात. पैसे मी खुर्चीचे दिले होते, आणि नेमकी तीच मोजून दिली.

आत्याने पर्स उघडून चष्मा आत ठेवला. उरलेले केक त्यांनी सुबक खोक्यात बांधून दिले. बसमध्ये मी विचारलं, "गच्चीवर काय म्हणाले आजोबा?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "जाऊ दे गं, काही विशेष नाही." त्यानंतरच्या अकरा दिवसांत मी तीन वेळा विषय काढला. स्वयंपाकघरात ते निघेना.

आत्या नोव्हेंबरात पुन्हा येतेय. या वेळी दुसरं हॉटेल बघून संध्याकाळची शेवटची वेळ घेतली आहे. फोन करून आधी एवढंच विचारलं, आमच्यानंतर त्या टेबलावर कोणी आहे का? ते म्हणाले, नाही.