साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर लढलं कोण?

'लिंकनने गुलामांना मुक्त केलं' हे वाक्य शाळेपासून आपल्या तोंडी बसलंय. मला ते खटकतं.

गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेतली राज्यं आणि लिंकनचं उत्तरेकडचं सरकार यांच्यातल्या अमेरिकन यादवीची पहिली तोफ १२ एप्रिल १८६१ ला चार्ल्स्टनच्या बंदरात, फोर्ट सम्टरवर डागली गेली. नोव्हेंबरात उत्तरेच्या आरमाराने पोर्ट रॉयलची खाडी घेतली. गोरे मळेवाले घरंदारं टाकून पळाले आणि मागे सुमारे १०,००० गुलाम राहिले. मालक 'चला' म्हणत होते, तरी बहुतेकांनी जागा सोडली नाही. लिंकनच्या गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याला तेव्हा वर्षाहून जास्त अवकाश होता!

मे १८६२. रॉबर्ट स्मॉल्स, वय २३, दक्षिणेच्या 'प्लँटर' जहाजावरचा गुलाम सुकाणूवाला. गोरे अधिकारी रात्री किनाऱ्यावर गेले होते. याने पहाटे जहाज सोडलं, वाटेत बायकामुलांना चढवलं, कप्तानाची टोपी घातली आणि सम्टरच्या तोफांसमोरून ठरलेली शिट्टी देत निघून गेला. बाहेर पडताच उत्तरेच्या जहाजांसाठी चादरीचं पांढरं निशाण चढवलं.

पुढच्या वर्षी, जून १८६३ मध्ये, तिथल्याच कंबाही नदीवर उत्तरेच्या फौजेची स्वारी झाली. सेनापती कर्नल माँटगोमेरी, पण वाट दाखवली हॅरिएट टबमनने, स्वतः गुलामगिरीतून पळून सुटलेल्या बाईने. नदीत सुरुंग कुठे पेरलेत, हे तिच्या हेरांनी तिथल्या गुलामांकडूनच काढलं होतं. बोटींची शिट्टी ऐकून माणसं भातखाचरांतून धावत सुटली. एका बाईच्या डोक्यावर चुलीवरून उतरवलेला वाफाळता भात होता, हे टबमननेच पुढे सांगितलं. त्या एका दिवसात ७०० हून जास्त जण सुटले.

आपल्याकडे या यादवीचं नाव निघतं ते मुंबईतल्या कापसाच्या तेजीपायी. जोतीरावांनी मात्र १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्या लोकांत मी स्मॉल्सला आणि टबमनला आधी धरते.

जुलै १८६३ मध्ये चार्ल्स्टनजवळच्या फोर्ट वॅग्नरवर चालून गेलेल्या ५४ व्या मॅसॅच्युसेट्स या उत्तरेच्या काळ्या शिपायांच्या पलटणीचं शौर्य सगळे सांगतात. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर आणि यांना १०, त्यातूनही ३ कपड्यांचे कापून, हे कुणी सांगत नाही. त्यांनी तो पगार घेतलाच नाही. वर्षभराहून जास्त काळ बिनपगारी लढले, तेव्हा कुठे १८६४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, समान वेतन मान्य केलं. टबमनचं निवृत्तिवेतन महिना २० डॉलर झालं १८९९ साली, कंबाहीनंतर ३६ वर्षांनी. याचा मला आजही संताप येतो.