भात कापल्यावर शेत झोपत नाही

नेरळच्या सगुणा बागेतल्या एसआरटी (सगुणा राईस टेक्निक, म्हणजे नांगरणी-चिखलणी न करता कायम गादीवाफ्यांवर भात घ्यायची पद्धत) भातशेतीच्या वर्षचक्रावरचा लेख आवडला, पण कापणीनंतर जूनपर्यंत शेताला विश्रांती असते हे अजिबात पटलं नाही. भात कापून मुळं जमिनीतच ठेवायची आणि उरलेल्या ओलीवर त्याच गादीवाफ्यांवर वाल टोकायचा, हाच तर या पद्धतीचा गाभा! कर्जतजवळ १० गुंठ्यांत मी हेच करतो. पहिल्या वर्षीचा वाल मोकाट गुरांनी फस्त केला, मग कुंपण घातलं.

आणि राबाचा, म्हणजे भाताची रोपं करायला फांद्या-पाला जाळून भाजलेल्या जागेचा, उल्लेखच नाही? उन्हाळ्यात राब भाजायला आई रानातून कवळांचे (झाडांच्या तोडलेल्या पालेदार फांद्यांचे) भारे डोक्यावर आणायची. एसआरटीत बी थेट वाफ्यावर टोकतात, रोपं करावी लागत नाहीत. आमच्याकडची कवळतोड त्यामुळेच थांबली.