चौथे पाऊल

आज तिसरा दिवस आहे आणि माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बेचक्यातला निळा रंग अजून गेलेला नाही. वजरीने घासून झाले, खोबरेल तेल चोळून झाले, शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून चुलीतली राखही लावून झाली. बाटलीवर ‘पाण्याने सहज निघतो’ असे छापलेले आहे आणि छापलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवण्याची सवय आम्हा मास्तरांना पोटासाठीच लागलेली असते. परिणामी कोणाच्या घरी गेलो की चप्पल उंबऱ्याबाहेर काढावी की पायातच राहू द्यावी, या विचारात मी दारात घुटमळतो.

१५ जूनला शाळा उघडली. आमची शाळा निफाड आणि चांदवड तालुक्यांच्या शिवेवर, एका मळ्यातल्या वस्तीला आहे. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक. गेल्या वर्षी पट २१ होता. त्यातली चार मुले चौथी होऊन गेली, पहिलीला तीन आली, म्हणजे पट २० झाला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात, त्यामुळे कागदावर आमचे बरे चालले आहे. पण २० हा आकडा असा आहे की तो हजेरीत लिहिताना हात अडखळतो. एखाद्या पालकाने वीटभट्टीवर जायचे ठरवले किंवा एखाद्या मुलाचे मामाच्या गावी जास्तच मन रमले, तर आमचे नाव कमी पटाच्या शाळांच्या यादीत जाते आणि त्या यादीतल्या शाळांविषयी काय काय बोलले जाते ते आम्ही रोज चहाबरोबर ऐकत असतो.

तर, प्रवेशोत्सव. आंब्याच्या पानांचे तोरण होते, फुगे होते, मदतनीस मावशींनी शिरा केला होता. आणि पडवीत सुमारे १५ क्विंटल उन्हाळ कांदा होता. हा कांदा शाळेला लागून राहणाऱ्या आबांचा. मे महिन्यातल्या वादळात त्यांच्या कांदाचाळीचे पत्रे उडाले, तेव्हा ‘दोन दिवसांपुरता’ म्हणून तो पडवीत आला आणि शाळेला कुलूप असल्यामुळे नाही म्हणायला कोणी नव्हते. आल्या दिवशी मी आबांना नम्रपणे विचारले की कांदा कधी हलेल. ‘लासलगावला भाव निघाला की हलेल,’ असे ते म्हणाले आणि हे उत्तर एवढ्या प्रामाणिकपणे दिलेले होते की त्यावर पुढे काही बोलणे मला क्रूरपणाचे वाटले. त्यामुळे नव्या मुलांचे औक्षण सडक्या कांद्याच्या वासात झाले आणि आबा गोणपाटावर बसून गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळा, काजळी म्हणजे काळी बुरशी आलेला वेगळा अशी निवड करत तो सगळा सोहळा पाहत राहिले.

कार्यक्रमात नव्या मुलांच्या पावलांचे ठसे घ्यायचे होते. ‘पहिले पाऊल’ अशा मथळ्याखाली चार्टवर ठसे, खाली मुलाचे नाव आणि त्याचा फोटो वर पाठवायचा. तीन मुलांपैकी एका मुलीने धीटपणे ठसा दिला. दुसऱ्याने रंगाची थाळी पाहिली आणि तो थेट द्राक्षाच्या बागेत पळाला. त्याला त्याच्या चुलत्याने काखेत धरून परत आणला. तिसऱ्याने मात्र भोंगा पसरला. रंगाने पाय जळतो, असे त्याला त्याच्या मोठ्या भावाने घरून निघतानाच सांगितले होते. रंगाने पाय जळत नाही हे त्याला पटावे म्हणून मी चप्पल काढली, पँट दुमडली आणि थाळीत माझा पाय ठेवून तो चार्टवर उमटवला. मुलगा गप्प झाला. बालमानसशास्त्राचा असा विजय झाला असताना पडवीतून आवाज आला.

‘गुरुजी, थांबा. पाय पाहू.’

मला वाटले, काही टोचले असावे. आबा गुडघ्यांवर हात टेकत उठले, त्यांनी माझा घोटा पकडला आणि पाय मागच्या बाजूने असा वर उचलला की मी एका हाताने फळा आणि दुसऱ्या हाताने मॅडमची खुर्ची धरून उभा राहिलो. खुर्चीवर मॅडम बसलेल्या होत्या. समोर सात आया, दोन आज्या, तीन नवे विद्यार्थी आणि सतरा जुने.

‘कमान नाही,’ आबा म्हणाले. ‘पाय सपाट आहे तुमचा.’

‘असेल, आबा. सोडा आता.’

‘असेल कसं? आहे. घोटीच्या बाजारातून मी डांगी बैल आणले, एक नाही, सात. बैल घेताना आधी खूर पाहायचा, मग दात. खूर पसरट असला की बैल दावणीला टिकत नाही.’

‘मी दावणीला नाही, आबा. मी नोकरीला आहे.’

‘तेच सांगतो. तुमची बदली होणार.’

बदली हा शब्द ऐकताच आया गंभीर झाल्या. आमच्या बदल्या हल्ली संगणकावर होतात. कोण कोठे जाणार हे पोर्टल ठरवते आणि पोर्टलला माझ्या पायाची कमान दिसत नाही, असे मी एका पायावर उभा राहून शक्य तेवढ्या शांतपणे सांगितले. त्यावर आबांनी ‘पोर्टलला काय दिसतं ते आम्हाला ठाऊक आहे’ असे म्हणून कांद्याच्या ढिगाकडे पाहिले. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यात बंद झाली ती मे २०२४ पर्यंत बंदच राहिली, त्या वेळी शेतकऱ्याच्या पायाखाली काय उरले होते ते कोणी उचलून पाहिले का, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त होता. फक्त तो विचारताना माझा पाय त्यांच्या हातात होता.

मग ते माझ्या तोंडाकडे बघू लागले. मी दात दाखवले नाहीत. पण ‘जुळला असेल’ असे ते स्वतःशीच पुटपुटले. बैलाचे सगळे दात आले की तो जुळला म्हणतात, हे वस्तीतल्या प्रत्येक बाईला माहीत असल्यामुळे हसू कोणाकोणाला आले ते मी सांगत नाही. पूर्वीचे व्यापारी निदान उपरण्याखाली बोटे दाबून सौदा करत, म्हणजे जनावराची किंमत तरी चारचौघांत निघत नसे.

पाय सुटल्यावर मी सूड म्हणून विचारले, ‘आबा, तुमचा नातू सहा वर्षांचा झाला ना? त्याचा ठसा घेऊ. पट २१ होईल.’

‘त्याचा कसा घेणार? तो इंग्लिश मीडियमला आहे. तो बूट घालतो.’

हे ते सहज म्हणाले, त्यात कुत्सितपणा नव्हता, म्हणूनच मला ते जास्त लागले. सकाळी साडेसातला पिवळी गाडी शाळेच्या फाटकासमोरच वळते, कारण वळायला जागा आमच्याच मैदानात आहे. शाळेचे पाणी, शाळेची पडवी, शाळेचे मैदान आणि पंधरा ऑगस्टचा लाडू सगळ्या वस्तीला चालतो. मूल तेवढे शाळेला मिळत नाही. गाडीत चढणारी आमच्या वस्तीतली सात मुले मी रोज मोजतो. मोजायला नको, हे कळते.

खरा प्रकार दुसऱ्या दिवशी घडला. मॅडमनी घाईत चार्टचा फोटो पाठवला आणि दुपारी, मी तांदूळ मोजत असताना, वरून फोन आला. मुलामागे १०० ग्रॅम, २० मुलांचे दोन किलो, एवढे गणित मनात धरून मी फोन कानाला लावला.

‘गुरुजी, नवीन प्रवेश किती?’

‘तीन, साहेब.’

‘ठसे चार आहेत.’

‘चौथा माझा आहे, साहेब.’

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग साहेबांनी विचारले की चौथ्या ठशाखाली नाव का नाही आणि जन्मतारीख कोणती. मी खरी जन्मतारीख सांगितली. ती त्यांनी लिहून घेतली की काय, अशी शंका मला अजून आहे. पटावर तीन आणि ठसे चार ही तफावत पुढे पडताळणीत निघू शकते, तेव्हा लेखी खुलासा द्यावा आणि त्यावर एका स्थानिक नागरिकाची साक्षीदार म्हणून सही घ्यावी, असा आदेश झाला. त्या दिवशी दुसरीची बेरीज आणि तिसरीचे वाचन मॅडमनी एकाच खोलीत घेतले आणि मी खुलासा लिहीत बसलो. ‘सदर ठसा निम्नस्वाक्षरीकाराच्या उजव्या पायाचा असून तो विद्यार्थ्याचे भय दूर करण्याच्या शैक्षणिक हेतूने उमटविण्यात आला’ हे वाक्य लिहायला मला पाऊण तास लागला, कारण ‘भय’ लिहावे की ‘भीती’ यावर माझे मन ठरत नव्हते आणि ज्याचे भय दूर झाले तो खिडकीत उभा राहून माझ्या पायाकडे पाहत होता.

साक्षीदार म्हणून पडवीत आबांखेरीज कोणी नव्हते. त्यांनी चष्मा लावला, अर्ज दोनदा वाचला, कांद्याची साल झटकून पेन घेतले आणि ठसठशीत सही केली. मी कागद घेऊन पाकिटात घातला आणि पाठवूनही दिला. मोबाइलमधली प्रत मी रात्री घरी पाहिली, तेव्हा सहीखाली आबांच्या बारीक अक्षरात आणखी एक ओळ दिसली: ‘वरील मजकूर खरा आहे. पाय सपाट आहे.’